वरचे चार सूर

१९५७ साल. मी तेवीस वर्षांचा. लालबागच्या आमच्या चाळीतले पेटीकाका हार्मोनियम दुरुस्त करताना तिच्या लाकडाला दात लावून सूर ऐकत. लोक हसत. ते म्हणत, "कानापेक्षा दात इमानी."

दिवसा ते गिरणीत साच्यावर कापड विणत. पेटीचं काम त्यांना कुणी शिकवलं नाही; दहा पेट्या बिघडवल्या, अकरावी वाजली. मी तिसरीतून शाळा सोडलेला, पण गिरगावात पेट्या बनवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं काढलेली. त्याचा तोरा होता मला, अजून आहे. काका चिडवत, "काय रे झिला, उस्तादानं कान पिळले ते पिळले, सूर शिरला काय आत?"

"दहा पेट्या मारून तर नाही ना शिकलो!"

यावर तेच मोठ्यानं हसत.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेव्हा रोजच्याच. एका कलापथकाची पेटी काकांकडे आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा. काम आटोपल्यावर त्यांनी मला हाक मारली. "वाजव. आणि खरं सांग."

खालचे सूर असे लागलेले, की मला तसे आजही जमत नाहीत. वरचे चार मात्र पार गेलेले. साच्यांच्या खडखडाटात काकांचा कान गेला होता, आधी वरच्या सुरांचा. ऐकू येईना म्हणून सुरांच्या पितळी पट्ट्या ते घासतच राहिले होते. घासलेलं पितळ परत येत नाही.

"वरचे चार गेले, काका."

"भजनाच्या पेटीचे पण?"

मी मान हलवली. ती पेटीही त्यांच्याच हातची. गेल्या गणपतीपासून मंडळी खालच्या पट्टीत गात होती, वरच्या सुरांवर जायला लागू नये म्हणून. सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

"आणि मी म्हणत होतो, बुवांचा गळा बसला," काका म्हणाले. मग कानस माझ्यापुढे सरकवली. "तू शिकलेला. तू कर काहीतरी."

"या पट्ट्यांचं आता काही होत नाही, काका."

कुणापुढे मान खाली न घालणारा मी, त्यांच्याकडे बघू शकलो नाही. चार वर्षांत उस्तादानं एवढंच शिकवलं होतं की काय, दुसऱ्याचं गेलेलं ओळखायला?

काकांनी त्यानंतर पेटी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कलापथकाची पेटी गिरगावात नेली, चार नवे सूर बसवले. दुरुस्त करणारा आतल्या फळीवर शिसपेन्सिलीनं आपलं नाव लिहितो. मी माझ्या वाकड्या अक्षरात काकांचं लिहिलं.