दसऱ्याची कोरडी चेन

२०२२ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत शिकलो, पण मोटरसायकलची चेन सांभाळायले शाळा लागत नाई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दसऱ्याले माझ्याच घरी मले गाडीतलं शिकवणं झालं.

आमच्याकडे दसऱ्याले सगळ्या अवजारांची पूजा असते. नांगर, विळे, कुऱ्हाड, अन आता गाडी. घरचा नेम असा, की पूजा झालेलं अवजार दुसऱ्या दिवशी आधी आपल्या कामाले लागते, डागडुजी त्याच्या नंतर. माझ्या बापानं हा नेम मोडला नाई. मीही नाई.

त्या दिवशी मी आपट्याची पानं आणायले रानात गेलो होतो. वापस येऊन पाहतो तं पोरानं माझी गाडी धुऊन पूजाही उरकून टाकलेली. पोरगा म्हणजे लेकराबाळांचा बाप आहे, वडसाले राइस मिलमध्ये कामाले जाते. हँडलले झेंडूचा हार, टाकीवर कुंकू. चेनचं कव्हर काढून चेन रॉकेलनं घासली, वरून सर्फचं पाणी. चांदीच्या करदोड्यासारखी चमकून राह्यली होती.

"तेल दिलं का?" मी विचारलं.

"पूजेच्या गाडीले काळं तेल चांगलं दिसते का बाबा? फोटो काढायचा होता."

फोटो! बंडीचा आस कोरडा ठेवून कोणी बंडी जुंपते का? बैलही मागं वळून पाहील, की मालक शुद्धीवर आहे का नाई. मी तेलाची कुपी हातात घेतली. पण कुंकू लागून गेलं होतं. कुपी जागेवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरखेड्याले निघालो. तिथी माझी मोठी बहीण असते, आम्ही तिले बाई म्हणतो. तिचा मालक गेल्यापासून माहेराहून सोनं नेणारा मी एकटाच. मी जाईपर्यंत ती दारातून हलत नाई, जेवतही नाई.

चेन घरापासूनच करकरत होती. जंगल लागलं तसे झटके द्यायले लागली. नाल्यावरचा एक रपटा ओलांडला अन खट्ट झालं. चेनची टोकं जोडणारं लॉक उडालं, चेन रस्त्यावर. हात लावून पाहिलं तं कड्या अशा आखडलेल्या, की चेन वाकवली तशीच राहे. मासळीच्या पिकअपवाल्यानं गाडी चढवून घेतली अन मले घरी आणून सोडलं. बाईचं सोनं पिशवीतच राह्यलं.

घरी आलो तं पोरानं आधी चावी काढून घेतली अन आपल्या खिशात टाकली.

"बस झालं बाबा. जंगलात काही झालं असतं म्हणजे? तुमचं वय झालं. बाईले फोन करून टाका."

"सोनं फोनवर देता येते का रे?"

"रविवारी मी नेऊन देईन."

शेजारी कुंपणावरून डोकावला. त्याले आमच्या घरातलं सगळं ऐकू येते. "भाऊ, पोरगा खरं बोलून राह्यला. आता मागं बसायचे दिवस आले तुमचे."

"चेन तुटली. माझी कंबर नाई तुटली!"

तो हासला. सूनही पदराआड हासली. चेन कोरडी ठेवली पोरानं, अन म्हातारा झालो मी! हा कुठचा न्याय? अन काही लोक म्हणाले, तुमच्या नेमापायी झालं. नेम नाई चुकला. पूजा करणारा चुकला. आधी तेल, मग कुंकू. इतकं तं बंडीवाल्यालेही समजते.

त्या दिवशी मी चावी मागितली नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चेन रॉकेलमध्ये बुडवली. एकेक कडी बोटानं मोकळी केली, पुसली, उन्हात वाळवली. माझ्या डब्यातलं नवं लॉक लावून चेन चढवली. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, हातानं चाक फिरवत चेनच्या आतल्या अंगानं थेंब थेंब तेल सोडलं. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं वरचं तेल पुसून काढलं. तेल कडीच्या आत पाहिजे, वर राह्यलं तं धूळच खाते. बोटानं चेन दाबून ढील पाहिली अन कव्हर लावलं. पोरगा दात घासत पाहून राह्यला होता. चावी त्याच्याच खिशात.

मी पानांची पिशवी हँडलले अडकवली अन गाडी ढकलत निघालो. गावाच्या मधातून. लोक विचारत, "भाऊ, कुठी?" मी सांगे, "कुरखेडा." चाक फिरे, चेनचा आवाज नाई.

तलावाच्या पाळीवर पोरगा धापा टाकत आला. "बाबा, काऊन असं करता? लोक हासून राह्यले."

"हासू दे. माझी बाई उपाशी बसली आहे."

त्यानं खाली पाहत चावी पुढं केली. मी ती लावली, किक मारली अन म्हटलं, "बस मागं. अन चेन करकरते का, ते ऐकत चाल."