मी न वाचलेलं अक्काचं भाषांतर

अक्का गेली तेव्हा मी पुण्यात एका सभागृहात बोलत होतो. संगणकात माहिती साठवायची जी खुली, फुकट सॉफ्टवेअरं असतात, ज्यांना आम्ही डेटाबेस म्हणतो, ती जगभरची माणसं मिळून बांधतात. त्यातल्या दोन मोठ्या डेटाबेसांचे दोन समाज कसे वेगळे आहेत, आणि आमचा पोस्टग्रेसचा समाज त्या मायएसक्यूएलवाल्यांपेक्षा किती शिस्तीचा, किती जाणता आहे, हे मी रंगवून सांगत होतो. टाळ्या झाल्या. खाली उतरून फोन बघितला तर तुळजापूरहून दाजींचे कितीतरी मिसकॉल आणि एक निरोप : तुझी अक्का गेली. हार्ट अटॅक. निघून ये... या गोष्टीला आता दीड महिना होईल. तिच्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ भेटतील. मला माझ्याबद्दलचं लिहायचं आहे.

सुनंदाक्का माझ्या थोरल्या मावशीची मुलगी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. माहेर तामलवाडीचं, घरात मेंढरं. बारावीनंतर तिनं टायपिंग केलं, मग कॉम्प्युटरचा कोर्स, आणि तुळजापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून चिकटली ती शेवटपर्यंत. अकरावी-बारावीला मी तिच्याच घरी राहिलो. सुट्टीच्या दिवशी ती मला ऑफिसात न्यायची आणि स्क्रीनवरचा पोरींच्या नावांचा तक्ता दाखवून म्हणायची, "विचार त्याला, येडशीच्या किती पोरी हायत?" मी तिनं सांगितलेली ओळ टाईप करायचो आणि उत्तर यायचं. माझं आजचं पोट त्या एका ओळीवर चाललंय. हे मी कुठल्याच भाषणात कधी सांगितलं नाही.

ती मायएसक्यूएल वापरायची. पुण्यात नोकरीला लागल्यावर मी पोस्टग्रेसवाला झालो, आणि दिवाळीत घरी आलो की आमचं जुंपायचं. एका वर्षी काही पोरींचे जन्मतारखेचे रकाने नुसत्या शून्यांनी भरलेले निघाले. आमच्याकडं ज्याची तारीख माहीत नाही त्याची मास्तरांनी एक जून लावलेली असते; पण या फॉर्मांवर कुणीतरी एकतीस जून लिहिलं होतं. तिच्या मशीनवरच्या जुन्या मायएसक्यूएलनं फॉर्म नाकारला नाही, तारखेच्या जागी शून्यं ठेवून दिली. तिनं मला फोन केला.

"तुझा हत्ती अशा वेळी काय करतो रे?" आमच्या डेटाबेसचं चिन्ह हत्ती आहे.

"घेतच न्हाय. चूक दाखवतो अन् थांबतो."

"मग तुझाच हत्ती खरा," ती म्हणाली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर नव्यानं सगळं शिकायला बसली. मी तिच्या जागी असतो तर दुसऱ्याचं खरं असं कबूल केलं नसतं.

शिकताना अडलं की ती आमच्या मराठी गटावर विचारायची. तिच्या जुन्या मायएसक्यूएलच्या गटात प्रश्न टाकला की चार जण धावून यायचे, त्यातले दोन चुकीचं सांगायचे, पण "ताई, काळजी करू नका" असं सगळेच म्हणायचे. आमच्याकडं उत्तर उशिरा येई, पण पक्कं येई. तिचा पहिला प्रश्न आला तेव्हा तो माझ्या बहिणीचा आहे हे मला कळलं होतं. नात्याचं माणूस म्हणून सांभाळून घेतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच कोरडं लिहिलं : "आधी माहितीपुस्तिका वाचा, मग विचारा." खाली दहा-बारा अंगठे आले. तिनं "बरं, वाचते" एवढंच लिहिलं. पुढं माझ्याशी फोनवर बोलताना तिनं त्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

मग तिनं भाषांतराचं काम हाती घेतलं. चूक झाली की डेटाबेस इंग्रजीत ओरडतो, आणि ऑफिसातल्या, लॅबमधल्या पोरी घाबरून मशीनच बंद करतात, असं तिचं म्हणणं. म्हणून तिनं ते संदेश एकेक करून मराठीत आणले आणि फाईल मला पाठवली, कारण आमच्या गटात मराठी तपासायचं काम माझ्याकडं होतं. मी ती एकदाच उघडली. दोन कामं एकमेकांसाठी थांबून राहतात आणि कुणीच पुढं सरकत नाही, त्या संदेशाला तिनं लिहिलं होतं : "दोघं एकमेकांसाठी अडून बसलेत. एकाला उठवा." पुण्याच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. "प्रमाण भाषा पाहिजे," असं काहीतरी म्हणालो आणि फाईल बंद केली.

दोन वर्षं ती फाईल तशीच पडून राहिली. मागच्या वैशाखात अक्का येडशीला लग्नात भेटली तेव्हा जेवणाच्या पंगतीत शेजारी येऊन बसली. ओशाळल्यासारखं हसत तिनं विचारलं, "बघितलंस का रे ते माझं?"

"या आठवड्यात बघतो अक्का. नक्की."

"घाई न्हाय. तुला लई कामं असत्यात."

तीच आमची शेवटची भेट.

तेराव्याला तिच्या जुन्या मायएसक्यूएलच्या गटातले एक गृहस्थ लातूरहून आले होते. अक्काला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पाच वर्षं नुसते प्रश्न-उत्तरांतून ओळखत होते. आमच्या गटातून मी एकटा होतो. ते म्हणाले, "आम्ही त्यांना म्हणत होतो, ताई, तुमचे शब्द आम्हाला द्या, आम्ही आमच्याकडं वापरू. तर म्हणाल्या, आधी माझ्या भावाचं बघून होऊ द्या, त्याच्या मागं दुसऱ्याला देणं बरं दिसणार न्हाय..." ज्यांना मी भाषणात बेशिस्त म्हणत होतो त्यांच्यातला माणूस अक्काच्या दारात आला होता.

दुसऱ्या दिवशी दाजींनी तिचा चष्मा आणि डबा आणायला मला कॉलेजात पाठवलं. लॅबमध्ये तिच्या हाताखाली तयार झालेली नवी ऑपरेटर होती, वैशाली नावाची. भिंतीवर अक्काच्या गोल अक्षरातले कागद ओळीनं चिकटवलेले : डावीकडं इंग्रजी संदेश, उजवीकडं मराठी. शेवटच्या कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, "तपासले", आणि पुढं माझं नाव.

"तुमीच का ते सर?" वैशालीनं विचारलं. "अक्का म्हणायच्या, माझ्या भावानं शब्द न् शब्द बघितलाय, बिनधास्त वापरा." मग जरा घुटमळत तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं तेवढं उलटं वाटतंय. 'पुढचे हुकूम पाळले जातील' म्हणलंय, पण मशीन तर पाळत न्हाय. पोरी लई गोंधळत्यात. पण तुमी तपासलंय म्हणल्यावर आमचंच कायतरी चुकत आसंल, म्हणून तसंच ठेवलं."

मी इंग्रजी ओळ वाचली. "पाळले जाणार नाहीत" हवं होतं. लिहिताना हातून एक "नाही" सुटलं होतं, कुणाच्याही हातून सुटतं. आणि ते पकडायला दुसरा माणूस लागतो. तिनं माणूस नेमला होता.

"चूक तुमची न्हाय," मी म्हणालो. "अक्काचीबी न्हाय. मी हे वाचलंच नव्हतं."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं, मग खाली लिहिलेल्या माझ्या नावाकडं. तिनं मला बोल लावावा असं वाटलं. तिनं टेबलावरचं लाल पेन उचलून माझ्यापुढं धरलं आणि अक्काची खुर्ची भिंतीजवळ सरकवली.

"मग आता वाचा की, सर," ती म्हणाली.