उकिरड्यावरचं कुरडू

निमगाव सावा ते बोरी या पट्ट्यात हौसेने कुरडू पेरणारी मी एकटीच बाई असेन. बाजरीत कुरडू दिसलं की बाकीच्या बायका खुरपं घालतात. मी त्यांच्याच बांधावर जाऊन त्याचे पिकलेले तुरे हातावर चोळायची, बी फडक्यात बांधून घरी आणायची. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, "तण पेरनारी बाई आमी पयल्यांदाच पाहिली." मी म्हणाले, तण नाही, औषध आहे. तिला काही पटलं नाही, पण पुढच्या वर्षी तिने आपणहून मूठभर बी आणून दिलं.

नवऱ्याने टाकल्यावर मी माहेरी आले. आईवडील एकामागून एक गेले, भाऊ चिंचवडला कंपनीत लागला, आणि घर नि रान माझ्याकडे राहिलं. रानाच्या वरच्या अंगाला दगडाची खाण होती. वडील होते तेव्हाच त्यांनी तो खडकाळ तुकडा खाणवाल्यांना दिलेला. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे दिवसभर क्रशर धडधडायचा आणि आमच्या तुळशीवर सुद्धा धूळ बसायची. मग दगड संपला, माणसं निघून गेली. मागे उरला एक खड्डा आणि एक पत्र्याची शेड. खाण चालू होती तेव्हा त्या शेडमध्ये खाणवाले जोडधंदा म्हणून गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. पावसाचं पाणी तिथून सरळ आमच्या रानात उतरायचं, आणि आम्ही त्याच रानातली मेथी मिटक्या मारत खायचो.

मेथी खुरटायला लागली तेव्हा मी एका शेतकरी मेळाव्यात कृषी महाविद्यालयातल्या एका सरांना गाठलं. त्यांनी माती नेली. महिन्याभराने रिपोर्ट आला: मातीत शिसं आहे, पालेभाजी खाऊ नका, लहान मुलांना तर मुळीच देऊ नका. मी भोळसट, सगळं जसंच्या तसं भावाला सांगून बसले.

त्या मे महिन्यात वहिनी पोरांना घेऊन आली ती पिठाचा डबा आणि पिशवीभर भाजी घेऊनच. माझ्या चुलीवर तिने तिच्याच पिठाच्या भाकरी थापल्या. पुढच्या वर्षी दोन दिवस राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी पोरांना ताप होता म्हणे. मग कुणी आलंच नाही. मला वहिनीचा संताप आला होता, तो मी लपवत नाही. पण माझी पोरं असती तर मीही डबा घेऊनच आले असते.

त्या सरांनीच उपाय सांगितला. आपल्याकडची काही झाडं मातीतलं शिसं मुळांनी ओढून घेतात. कुरडू घेतं, टाकळा घेतो. ती पेरायची, वाढू द्यायची, बी धरायच्या आधी मुळासकट उपटायची आणि रानाबाहेर काढायची. असं वर्षानुवर्षं करायचं, मग माती हळूहळू स्वच्छ होईल. किती वर्षं, असं मी विचारलं तर ते म्हणाले, धीर धरा. धीराला माझ्याकडे काय तोटा होता? मी मनाशी ठरवून टाकलं, रिपोर्ट चांगला आला की दोन्ही भाचे माझ्या ओट्यावर बसून माझ्या रानातल्या मेथीशी भाकरी खातील.

मग दर भादव्यात मी वाकून वाकून कुरडू उपटलं. गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी रान असं भरायचं की उपटताना जिवावर यायचं. मदतीला कुणी नसायचं. शिसं ओढलेलं कुरडू भाजीच्याही कामाचं नाही, त्याला कोण हात लावणार? बांधावरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या थोरल्या तबकड्या दिसायच्या. त्या म्हणे लांब आभाळातलं ऐकतात. मी कुरडूशीच बोलायची, आणि बोलता बोलता आपण मोठ्याने बोलतोय हे लक्षात आलं की आजूबाजूला पाहायची. आजूबाजूला कुणी नसायचंच.

सहा पावसाळे झाल्यावर सर स्वतः आले. माती पुन्हा तपासून आणली होती. फरक जवळजवळ काहीच नव्हता. त्यांनाच कोडं पडलं. सगळं रान फिरले, वरची शेड पाहिली, आता पाणी इकडे येतं का विचारलं. चर खणून मी ते केव्हाच वळवलं होतं. शेवटी ते घरामागे आले आणि उकिरड्यापाशी थांबले.

"उपटलेली झाडं कुठं टाकता?"

"इथंच की. काडी वाया जाऊ देत नाही मी."

"आणि हे खत?"

"रानात," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

सर जात्याच्या तुटक्या तळीवर बसले. म्हणाले, चूक माझी, रानाबाहेर म्हणजे कुठे ते मी सांगायला हवं होतं. पण आमच्यात रानाबाहेर असतं काय? शेण, राख, पाला, केरकचरा, सगळं उकिरड्यावर जातं आणि उन्हाळ्यात पुन्हा रानात येतं. आईने मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. कुरडू बिचारं दर वर्षी विष वर काढायचं आणि मी ते पाट्या भरभरून परत नेऊन पसरायची. ये रे माझ्या मागल्या! वर दर दिवाळीला रीतीप्रमाणे त्या उकिरड्यावर पणतीही लावायची. मला रडू आलं नाही. स्वतःचा इतका राग आला की मी सरांना चहाही विचारला नाही.

यापुढे झाडं वाळवून पोत्यात भरायची आणि त्यांच्या गाडीने न्यायची असं ठरलं. उकिरडा पसरायचा नाही, त्याच्यावरही कुरडूच पेरायचं.

संध्याकाळी मी गावातल्या फोनच्या बूथवर गेले. भावाला सांगितलं, रिपोर्ट वाईट आहे, माझं चुकलं, अजून पाचसहा वर्षं तरी पोरांना आणू नकोस. तो लगेच म्हणाला, "बरं." काय चुकलं ते विचारलं नाही. मग म्हणाला, "तसंही थोरला आता बारावीला आहे, ताई. धाकट्याचे क्लास. त्यांना कुठं जमतंय तिकडं यायला?"

थोरला बारावीला. मी सहा वर्षं ज्याच्यासाठी माती धूत होते तो ओट्यावर पाय हलवत बसणारा, गुडघ्याला खरचटलेला पोरगा होता. बारावीतला मुलगा मी पाहिलाच नव्हता. मी अभ्यास करा म्हणावं असं सांगून फोन ठेवला.

पुढच्या आषाढात म्हातारीने दिलेलं बी मी आधी उकिरड्यावर टाकलं. ते रानापेक्षा जोमाने आलं. वाकून उपटताना भावाचं ते "बरं" मला पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. किती सुटल्यासारखा बोलला होता तो. रिपोर्ट चांगला आला असता तर त्याला न येण्याचं दुसरं कारण शोधावं लागलं असतं.