बाळासाठी मऊ मागू नका!

किस्से जमवावे लागत नाहीत, राव! गादीच्या दुकानात काम करून बघा. कापूस जसा केसांना, कपड्यांना, नको तिथे चिकटतो, तसे किस्सेही चिकटतात. घरी जाऊन कितीही झटकले तरी एखादा राहतोच.

मी मंगल. जुन्नरच्या पेठेत चाचा-चाचींच्या गादीच्या दुकानात खोळी शिवते. चाचा गाद्या भरतात आणि बोलत नाहीत. चाची गाद्या विकतात आणि थांबत नाहीत. दोघांची मिळून सरासरी बरोबर निघते!

चाचांच्या हातची गादी म्हणजे लोणी, असं सगळा तालुका म्हणतो. पण डोहाळजेवणाला बाळासाठी काही घ्यायला आलात, तर चाची ते लोणी तुम्हाला दाखवायच्याच नाहीत. बाळाला उताणं झोपवायचं, गादी सपाट आणि कडक हवी, अंथरुणात बाळाशिवाय काही नको, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. तेव्हापासून दुकानात तोच कायदा!

*

निमगाव सावाहून दोन जावा आल्या. नणंदेचं डोहाळजेवण होतं आणि त्यांना मोहरीची उशी हवी होती.

"उशी न्हाई देणार," चाची म्हणाल्या. "बाळाला उशी लागतच न्हाई."

"आवो, पण मोहरीच्या उशीनं डोकं गोल व्हतं," थोरली म्हणाली. "न्हाईतर मागनं चपटं राहातं."

चाचींनी मागे हाक मारली, "अहो, जरा टोपी काढा!"

चाचांनी सुई-दोरा खाली ठेवला आणि टोपी काढली. चाचींनी त्यांना खांदा धरून गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभं केलं. "ह्यांच्या आईनं ह्यांना वर्षभर मोहरीची उशी दिली व्हती. बघा!"

डोकं मागून पाटासारखं सपाट! दोघी जावा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

चाचांनी शांतपणे टोपी परत घातली आणि म्हणाले, "टोपी मातर लई नीट बसते."

जावा कडेनं इलॅस्टिक असलेल्या दोन घट्ट चादरी घेऊन गेल्या.

*

बेल्ह्याच्या बाजारातले एक बैलांचे व्यापारी सरळ बाजार उरकूनच दुकानात आले. सुनेचं डोहाळजेवण होतं. खुशीत होते.

"चाची, घरात पयलं नातवंड येतंय. तुमची सगळ्यात मऊ गादी काढा. बाळ आत रुतलं पाह्यजे!"

मला वाटलं, आता व्याख्यान सुरू. पण चाचींनी फक्त विचारलं, "भाऊ, गाय व्याली की वासराला भुशाच्या ढिगात निजवता का?"

"येड लागलंय का! गुदमरंल की ते!"

व्यापाऱ्यांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं.

"कडक दावा," ते म्हणाले.

मग त्यांनी प्रत्येक गादी गुडघ्यानं दाबून बघितली, अगदी बैल पारखावा तशी. एक पसंत पडली. सवयीनं त्यांनी शेजारचं दुपटं उचललं, हातावर टाकलं आणि त्याखाली बोटांनी भाव ठरवायला हात पुढे केला!

"भाऊ," चाची म्हणाल्या, "हितं भाव तोंडानं बोलायचा. हा बैलबाजार न्हाई."

*

वारूळवाडीची एक मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं मोबाइलवर फोटो पाठवला. मैत्रिणीच्या बेबी शॉवरला पाळण्याच्या चारी बाजूंनी लावायच्या उशा, त्यावर हत्ती, हत्तींना मोठाले कान. असंच शिवून द्या म्हणाली.

चाचींनी लगेच फोन लावला. "बाळा, हत्ती लई गोड हायेत. पण ते भिंतीवर लाव. पाळण्यात नको." मग तिला झोपायची पिशवी सुचवली. हात बाहेर, पाय आत, गळ्याशी मापात, म्हणजे वेगळं पांघरूण घालायलाच नको आणि ते तोंडावर यायचंही नाही.

मुलगी खूश! मी मन लावून पिशवी शिवली. पातळ सुती कापड, बाही नसलेली, पायाशी ऐसपैस. संध्याकाळी चाचांच्या कामाजवळ ठेवून घरी गेले.

सकाळी येऊन बघते तर काय! पिशवी टम्म फुगून फळीवर बसलेली. चाचांनी नवी खोळ समजून तिच्यात ठासून कापूस भरला होता आणि गळा, दोन्ही हातांची भोकं, सगळं पक्कं शिवून टाकलं होतं.

"चाचा, अहो हे काय?"

"मला बी प्रश्न पडला व्हता," चाचा म्हणाले, "ह्या उशीला खांदे कशाला?"

मी ती उसवायला घेतली, तेवढ्यात एक बाई आत आल्या, पिशवीकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, नवीन डिझाइन का? केवढ्याला?"

*

चाची नुसत्या नाही म्हणत नाहीत, याचाही एक किस्सा सांगते. मला तो फार आवडतो.

पश्चिमेकडच्या डोंगरातून एक आजी आल्या. नातीच्या डोहाळजेवणासाठी त्यांनी जुन्या लुगड्यांची गोधडी हातानं शिवली होती. तिला फक्त कडेची पट्टी मारून हवी होती. गोधडी चांगली जाड. मी चाचींकडे बघितलं. आता ह्या म्हातारीला काय सांगणार?

चाचींनी गोधडीवरून हात फिरवला. "मावशी, असा टाका आता कुणाला येतो? ही पाळण्यात घालून वाया घालवू नका. तिथं कुणाला दिसायची? बाळ जागं असंल तवा जमिनीवर पसरा, पालथं घाला, समोर बसा. बाळ मान उचलून पयलं कुणाला बघंल?"

"मला?" आजींनी विचारलं.

"मग!"

आजी इतक्या गोड हसल्या की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पट्टी मीच मारून दिली. माणसाचं मन न दुखवता त्याला वळवणं मी चाचींकडून शिकतेय, अजून जमत नाही.

*

एकदा मी विचारलं, "चाची, लोकांना एवढं जीव तोडून का सांगता?"

तेव्हा कळलं. चाचींचं पहिलं बाळ दीड महिन्याचं असताना झोपेतच गेलं. त्याच्यासाठी चाचांनी तोवरची सगळ्यात मऊ गादी केली होती. डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही.

"कशानं गेलं, मला ठावं न्हाई गं," चाची म्हणाल्या. "पण दुसऱ्या कुठल्या घरात हा प्रश्न नको."

नवऱ्याला त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. चाचांनीही तो विषय कधी काढला नाही.

*

आणि आता रेश्माच्या सतवाशाचा किस्सा. रेश्मा म्हणजे त्यांची लेक, मंचरला दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. सतवासा म्हणजे सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण, ते सासरी होतं.

बाळासाठीची गादी चाचांनी स्वतः केली. भरायचे, दाबायचे, उसवायचे, परत भरायचे. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

मंचरला आम्ही तिघंही गेलो होतो. सगळ्या बायकांसमोर आहेर उघडला. रेश्माच्या सासूबाईंनी गादी दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"गादीवाल्याची लेक, आन गादी अशी फळीसारखी? आमचं बाळ ह्यावर न्हाई निजायचं. त्याची जागा मी कवाच केलीय." त्यांनी पलंगाकडे बोट दाखवलं. रेश्माच्या लग्नात चाचांनीच दिलेली जाड मऊ गादी, आणि तिच्यावर भोवतीनं उशा रचलेल्या.

रेश्मानं आईकडे बघितलं. मीही बघितलं. बैलांच्या व्यापाऱ्याला गप्प करणारी ही बाई, पण हे लेकीचं सासर. मान खाली घालून बांगड्या फिरवत राहिली. आज इथं कुणी बोललं नाही, तर बाळ त्या उशांतच निजणार होतं.

दाराशी बसलेले चाचा उठले. हातात चहाचा भरलेला कप होता. पलंगाशी गेले आणि कप मऊ गादीच्या मधोमध ठेवला. कप रुतला, कलला, आणि सगळा चहा पांढऱ्या चादरीवर!

"या अल्ला!" कुणीतरी ओरडलं.

चाचांनी सासूबाईंचा भरलेला कप अदबीनं मागून घेतला आणि छोट्या गादीवर ठेवला. गादीवर थाप मारली. कप जागचा हलला नाही.

"दोन्ही गाद्या माझ्याच हातच्या," चाचा म्हणाले. "कपाला नाक नसतं, समधनबाई. बाळाला असतं."

सासूबाई उठल्या आणि पलंगावरची एकेक उशी उचलून बाहेर नेऊन ठेवायला लागल्या.

चाची पलंगाजवळ गेल्या आणि पदरानं चहा टिपायला लागल्या. चाचा शेजारीच उभे होते.

"इतकी वर्षं ह्यावर कधी बोलला न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या.

"तुझ्याकडनं शिकत व्हतो," चाचा म्हणाले.