धरमसिंग खलाशी आणि तीन टनांचे पट्टे

धरमसिंग राठोडनं जन्मात समुद्र पाहिला नाही, तरी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्याला सगळे खलाशी म्हणतात. क्रेनला ओझं बांधून हातानं इशारे देणाऱ्या माणसाला तिथं हेच नाव आहे. घाटंजीकडच्या तांड्यातला हा गडी एकोणीस वर्षं या कामात आहे. एवढ्या वर्षांत त्याच्या उचलीखाली कुणाचं नखही दुखावलं नाही, हे तो दिवसातून एकदा तरी सांगतोच. सांगू द्या की, खरंच आहे ते.

यंदा पोळा झाल्यावर एका कारखान्यात साडेचार टनांचं प्रेस मशीन बसवायचं होतं. हायड्रा क्रेन आली, ओझं बांधायचे दोन पट्टेही आले. दोन्हींवर चिठ्ठी होती : सेफ वर्किंग लोड, तीन टन. म्हणजे बिनघोर उचलता येईल तेवढा भार.

"तीन आणि तीन सहा. उचल," नवे इंजिनीअर राजदीपसाहेब म्हणाले.

धरमसिंगनं पट्टे लावून पाहिले. पट्टे आखूड, मशीन रुंद. हुकापासून दोन्ही पार आडवे फाकले.

"नाई साहेब. लंबे पट्टे बोलवा."

"ते उद्या येतील. मालक आज येताहेत. अरे, पट्टा चिठ्ठीवरच्या आकड्याच्या पाचपट ताकदीचा बनवतात."

"बैलाची ताकद वेगळी अन् रोज लादाचं वझं वेगळं, असं आमच्या तांड्यातले म्हातारे सांगत. ते बाकीचं त्याच्या जिवासाठी ठेवाचं असते."

"जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

पन्नाशीच्या माणसाला दुसरं दार कोण उघडतं? पण धरमसिंग हटला नाही. त्यानं पाण्यानं भरलेली बादली आणली, कडीतून दोर ओवला आणि एक टोक साहेबांच्या हाती दिलं, दुसरं स्वतः धरलं. दोघं जवळ उभे होते तोवर बादली हलकीच वाटली.

"आता मांगं सरका."

साहेब मागं सरकत गेले. दोर आडवा होऊ लागला, तसे ते टाचा रोवून ओढू लागले. पाणी तेवढंच होतं, ओढ मात्र दुपटीवर गेली; आडव्या फाकलेल्या पट्ट्यांवरही मशीनची ओढ अशीच वाढणार होती. अखेर दोर सुटला आणि साहेबांचे बूट भिजले. फिटर मंडळी खाली मान घालून हसली. साहेबांनी रुमालानं बूट पुसले आणि मालकांना फोन लावून काम उद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्यांनी मशीन अलगद उचललं गेलं आणि जागेवर बसलं. चार फिटर बोल्ट आवळत असताना साहेबांनी हळूच विचारलं, "खरं सांग, काल पट्टा तुटला असता?"

"नसताही तुटला."

"मग अडून का बसलास?"

धरमसिंगनं त्या चौघांकडे बोट दाखवलं. "नसता तुटला, एवढ्या भरवशावर त्यायले खाली उभं करणं मले जमत नाई."

पुढच्या आठवड्यात दुसरी उचल होती. क्रेन तयार, पट्टे लागलेले, मालक शेजारी उभे. साहेब आधी त्याच्याकडे वळले.

"धरमसिंगभाऊ, उचलायचं का?"