मोठ्या काकांनी पाडलेले वाटे

आमचे मोठे काका सुतार होते, पण गिऱ्हाइकाला साधं स्टूल हवं असलं तरी आधी एखाद्या शब्दाचं मूळ ऐकून घ्यावं लागे. शब्दकोश वाचायचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, देव जाणे. जेवतानाही ताटाशेजारी तो जाडजूड ठोकळा असायचा, पानापानांत लाकडाचा भुसा. काकू करवादायची, आणि काका तिला तिच्याच शिव्यांची व्युत्पत्ती सांगत बसायचे. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्यांचं आणि माझ्या बाबांचं दुकान एकच. बाबांना प्लायवूडची कपाटं करायची होती. काकांना प्लायवूड म्हणजे लाकडाच्या नावाखाली शुद्ध फसवणूक वाटे. रोज खटके उडू लागले. शेवटी वेगळं होण्याचा विषय बाबांनीच काढला. घरी येऊन मात्र आईपाशी रडले. दुकान गेलं तरी चालेल, भाऊ तुटायला नको, म्हणाले.

काका शांत होते. "विभाजन शब्दाला उगाच घाबरतोस," ते बाबांना म्हणाले. "मुळात संस्कृत धातू 'भज्'. वाटा देणं, असा त्याचा अर्थ. भाग त्यातूनच आला, आणि भक्तही. फोडणं-तोडणं त्यात कुठे आहे?"

बाबांना तेव्हा व्युत्पत्ती ऐकायची मुळीच हौस नव्हती.

आमच्या घरची रीत अशी, की मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. काकांनी पाडले. एकीकडे रस्त्याकडची खोली आणि विजेवरची करवत. दुसरीकडे मागची अंधारी खोली, जुने रंधे आणि पटाश्या. चांगला वाटा कुणासाठी काढलाय, ते आंधळ्यालाही कळलं असतं. आणि बाबांनी मागची खोली उचलली!

काका असे भडकले, की सोय नाही. "गाढवा, ती माझी होती."

पण रीत म्हणजे रीत. काकांनी विजेच्या करवतीला उभ्या जन्मात हात लावला नव्हता, आणि बाबांच्या हातात रंधा कधी नीट बसला नाही. मग काय, करवत चालवायला बाबा पुढे आणि रंधा मारायला काका मागे. दोन खोल्यांमधलं दार बुजवायचं राहूनच गेलं. भांडणं मात्र रोज, तीही प्लायवूडवरूनच. शाळेतून येताना मला ती कोपऱ्यावरूनच ऐकू यायची. ते आवाज पुन्हा ऐकायला मिळावेत म्हणून आज मी वाटेल ते देईन.

काका गेल्यावर बाबांनी पहिल्यांदा दुकान उघडलं, तेव्हा मी सोबत होते. पुढे करवत, मागे रंधे, सगळं जिथल्या तिथे. बाबा दोन खोल्यांच्या मध्ये जमिनीवरच बसले.

"आज झाली बघ वाटणी," म्हणाले.