मरोळचं शेत आणि आम्ही तिघं

पुऱ्या झालेल्या कामाचे किस्से फारसे होत नाहीत. पुस्तक छापून आलं की ते कपाटात जाऊन उभं राहतं, लोक ‘छान आहे हं’ म्हणतात आणि विषय संपतो. राहून गेलेल्या कामाचं तसं नसतं. ते दोन माणसं भेटली की मधे येऊन बसतं, चहा मागतं आणि मग ‘ते आठवतं का गं?’ सुरू होतं. आमचं मरोळच्या शेताचं पुस्तक या जातीतलं. असल्या पुस्तकांना आता ग्राफिक नॉव्हेल म्हणतात म्हणे. ऐंशीच्या दशकात आम्हाला तो शब्द कुठला ठाऊक असायला! आम्ही आपले ‘चित्रांचं पुस्तक’ म्हणायचो, आणि त्या नावानेच आमची निम्मी वाट लावली.

आम्ही म्हणजे तिघं. अंधेरीचा सुधाकर, म्हणजे सुध्या. उसन्या कॅमेऱ्यावर डॉक्युमेंटरी करायचा आणि जगात त्याहून महत्त्वाचं काही नाही असं समजायचा. वाकोल्याचा वसंत पालव, मूळ मालवणचा, सिनेमाचे प्रचंड बॅनर रंगवणारा. आणि मी शैला, घाटकोपरच्या एका शाळेत मराठी शिकवणारी. चित्रं वसंतची, शब्द माझे, आणि भांडणं सुध्याची.

आणि जिच्यामुळे हे सगळं झालं ती आग्नेस मावशी. मरोळच्या गावठाणातली ख्रिस्ती शेतकरीण, साठी उलटलेली, लुगडं नेसणारी. चारी बाजूंनी कारखाने उठलेले आणि मधोमध हिचं भाताचं शेत. सुध्याने तिच्या एका हंगामाची, पेरणीपासून कापणीपर्यंतची, अर्ध्या तासाची फिल्म केली होती.

*

त्या शूटिंगचाच किस्सा. कापणीच्या दिवशी मावशी भारा डोक्यावर घेऊन बांधावरून आली. मागे कारखान्याची चिमणी, पुढे ही. सुध्या खूश! पण नेमका सूर्य ढगात गेला आणि शॉट काळा आला. दुसऱ्या दिवशी हा सकाळीच हजर. “मावशी, कालचं परत करायचं. तस्संच कापायचं, तस्संच यायचं.”

मावशीने मोकळ्या झालेल्या शेताकडे पाहिलं, मग याच्याकडे.

“कापते ना बाबा. तू कालचा भात परत उभा कर, मंग कापते!”

सुध्या हा किस्सा स्वतःच सगळीकडे सांगायचा.

*

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती गावठाणातच, चर्चच्या हॉलमध्ये. वसंत आला होता तो दोस्त म्हणून, पडदा बांधायला. सगळं गाव जमलं. लावणीचा सीन सुरू झाला, बायका एकमेकींना ‘ती बघ, ती बघ’ करायला लागल्या आणि फट्! प्रोजेक्टरचा बल्ब गेला. दुसरा बल्ब सुध्याच्या घरी, अंधेरीला.

लोक उठेनात. मग सुध्या पडद्यापुढे उभा राहिला आणि उरलेली फिल्म तोंडाने सांगायला लागला. आता इथे कॅमेरा वर जातो, आता इथे पाऊस थांबतो. हातवारे करून घामाघूम झाला. शेवटी पुढच्या बाकावरचे एक म्हातारेबाबा काळजीने विचारतात, “मंग कापनी झाली का नाय?”

कापणीला ते स्वतः होते! विळा त्यांचा होता!

पडदा सोडता सोडता वसंत म्हणाला, “सुध्या, ह्यां सगळां मी कागदार काढतंय. कागदाचो बल्ब जाना नाय.”

असं आमचं पुस्तक सुरू झालं.

*

वसंतने पहिली पानं काढली ती आम्ही मोठ्या झोकात मावशीकडे नेली. झालं होतं असं, की गड्याचा हात बॅनरचा. त्याने माणूस काढला की हिरोच व्हायचा. मावशीला त्याने लांब पापण्या दिल्या होत्या, ओठ दिले होते, वाऱ्यावर उडणारी एक बटसुद्धा दिली होती.

मावशीने चष्मा लावून पान लांब धरलं, जवळ धरलं.

“ही कोन?”

“तुम्हीच, मावशी.”

“ही?” ती बराच वेळ बघत राहिली. “ही बाय चिखलान नाय उतरायची. ही गानं बोलल!”

वसंत इतका लाजला की पुढचे सगळे रविवार मावशीच्या ओसरीवर जाऊन बसला. नुसते तिचे हात काढायचा. तांदूळ निवडताना, दोरी वळताना, मच्छी साफ करताना. मावशी म्हणायची, “तोंड कवा काढशील रं?” हा म्हणायचा, “हात बोलूक लागले काय तोंड काढतंय.”

आणि खरंच, त्यानंतरची मावशी मावशीच होती.

*

सुध्याचा एकच नियम. फिल्ममध्ये आहे तेवढंच पुस्तकात. गवताची एक काडी जास्त नाही. “ही डॉक्युमेंटरी आहे यार, बालमित्रांची बाग नव्हे!”

वसंतच्या वाकोल्याच्या खोलीत आम्ही बसायचो. एकदा एका पानावर सुध्या अडला. “हा कावळा उजवीकडे कसा? फिल्ममध्ये डावीकडे आहे.”

“पानात उजवीकडे बरो दिसता.”

“बरा दिसतो म्हणून हलवायचा? उद्या मावशीला हलवशील!”

“अरे, तो कावळो! उडान इकडे ईलो आसात!”

“माझ्या फिल्ममध्ये नाही आला.”

वसंतने ब्रश खाली ठेवला. “कॅमेऱ्यात घेताना त्या कावळ्याची परवानगी घेतलंस काय रे? मग माका कित्याक इचारतंस?”

मी हसता हसता चहा सांडला, तो नेमका कावळ्यावर. पूर्ण पान पुन्हा काढावं लागलं. या वेळी वसंतने कावळा मुकाट्याने डावीकडे बसवला, आणि सुध्या म्हणाला, “खरं तर उजवीकडे चांगला दिसत होता.”

*

एका प्रसंगात फिल्मला आवाज नव्हता. मावशी बांधावर उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत काहीतरी पोटतिडकीने बोलते आहे, मागे तिचा मुलगा पीटर बिडी ओढतो आहे, आणि टेपवर नुसती खरखर. त्या दिवशी रेकॉर्डरची बॅटरी उतरली होती.

चित्रात तोंड उघडं काढलं की फुगा आला, आणि फुग्यात शब्द हवेत. शब्द माझं खातं. मी म्हटलं, सरळ मावशीलाच विचारू. तोपर्यंत पीटरने आणि त्याच्या भावांनी शेत विकायचं बोलणं पक्कं केलं होतं. सह्या व्हायच्या होत्या. मावशी ओसरीवर वाल सोलत बसली होती. पीटर आत शिफ्टला जायची तयारी करत होता.

सुध्याने विचारलं, “मावशी, इथे तुम्ही काय बोललात, आठवतं?”

“आठवायचा काय त्यान? शेत इकू नका म्हनून बोलले आसंन. रोज तेच बोलते.” तिने हातातला वाल टोपात टाकला. “पन तवा तुझा मशीन बंद, आन् ह्या पीटरचा कान बंद.”

आतली पीटरची खुडबुड एकदम थांबली. मग तो बाहेर आला, डबा उचलला आणि आमच्याकडे न बघता फाटकातून गेला. वाईट माणूस नव्हता तो. भावांची लग्नं झालेली, घर एवढंसं.

*

आता प्रकाशकाचा किस्सा. घाटकोपरलाच होते, सज्जन गृहस्थ. आमची पानं त्यांनी मन लावून पाहिली. पहिला प्रश्न, “चित्रं आहेत, म्हणजे मुलांसाठी ना? मग यात एखादा प्राणी का नाही?”

“कावळा आहे,” वसंत म्हणाला.

“बोलतो का?”

सुध्या उठायला लागला, मी त्याला शर्टाला धरून बसवलं. पाहुणचार झाला, लिंबू सरबत झालं. मग त्यांनी विचारलं, “शेवट काय आहे?”

सुध्या म्हणाला, “शेत विकलं जातं.”

“का?”

“का म्हणजे? विकलंच गेलं आहे. मागच्या महिन्यात.”

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी कळवळून म्हणाले, “अहो, खरं शेत गेलं ते गेलं. पुस्तकातलं तरी कशाला विकताय?”

जिन्यात आम्ही तिघंही खूप हसलो. पण मला अजून वाटतं, त्या माणसाचं ऐकायला हवं होतं.

*

मग वसंतला मस्कतचं काम आलं. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. लावणीपर्यंतची पानं झाली होती, कापणीची राहिली होती. सुध्या म्हणाला, “पुरी करून जा.” वसंत म्हणाला, “व्हिसा थांबना नाय.” दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि सुध्याने बोलणं टाकलं.

तरी सहार विमानतळावर सुध्या आलाच. तोंड फिरवून उभा. वसंतने त्याच्या पाठीवर थाप मारली. “अरे, दोन वर्षांत येतंय. शेत खंय पळान जाता?”

तो परतेपर्यंत शेतात चार मजली इमारत उभी होती. फिल्मची एकुलती एक प्रिंट ओल लागून खराब झाली होती, डब्यातून आंबट वास यायचा. आणि सुध्या गेला होता. साधी कावीळ म्हणता म्हणता गेला. वसंतला मी ट्रंककॉल लावला होता, लाइन लागली, पण त्याला फक्त ‘सुध्या, सुध्या’ एवढंच ऐकू येत होतं. तिकडून तो ओरडत होता, “हां, सुध्याक सांग, पानां पुरी करतंय!”

*

आणि केली. आल्या आल्या वाकोल्याच्या खोलीत बसून त्याने कापणी काढायला घेतली. आता बघायला फिल्म नव्हती. डोक्यात होतं तेवढंच. मी शाळा सुटली की जायचे.

एक दिवस बघते तर बांधावर भलामोठा मोर! पिसारा फुलवून!

“वसंत, मरोळला मोर कुठून आला?”

तो ब्रश धुवत राहिला. मग म्हणाला, “मुद्दाम काढलंय.”

“का?”

“बोंबल गो बाई. सुध्या नाय, कोणीतरी बोंबलाक व्हया.”

मला ओरडताच येईना. दुसऱ्या दिवशी मोर त्यानेच पुसून टाकला.

*

शेवटचा किस्सा मावशीचा.

पानं पुरी झाली, पण छापायला कोणी मिळेना. मी म्हटलं, निदान जिची आहेत तिला तरी दाखवू. मावशी आता त्याच जागेवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती. पीटरने दार उघडलं. मे महिना, दुपारची वेळ, घर भट्टीसारखं तापलेलं, पंखा फुल स्पीडवर.

मावशी खूप वाळली होती. आम्हाला ओळखलं की नाही कळलं नाही. वसंतने तिच्या पुढ्यात लादीवर एकेक पान मांडायला सुरुवात केली. पेरणी, लावणी, मग निसवलेलं, नुकत्या लोंब्या आलेलं भात, मग पिवळं धमक झालेलं. खोलीभर पानं झाली. पीटर भिंतीला टेकून उभा होता. मावशी पलंगावरून वाकून बघत होती. चष्मा मागितला नाही.

पंख्याच्या वाऱ्याने पिवळ्या भाताची पानं कडेने उचलायला लागली. वसंत हाताने दाबत होता, एक दाबलं की दुसरं उठत होतं.

मावशीने मान वर केली.

“पीटर, वारा बंद कर रं,” ती म्हणाली. “भात आडवा पडंल.”

पीटरने पंखा बंद केला. आणि मग चपला काढून, पानांच्या मधून जागा बघत बघत, बांधावरून चालावं तसा तिच्यापर्यंत गेला.